रापलेलं पाइन

या महिन्याच्या टपालात लाकडाच्या रंगाबद्दलची पत्रं एकदम चार निघाली. पुण्याचं पत्र सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत चिडलेलं, म्हणून जागाही त्यालाच जास्त.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मुलाच्या खोलीत पाइनचं फर्निचर करून घेतलं. भिंतभर शेल्फ, अभ्यासाचं टेबल आणि खिडकीखाली बसायला बाकडं. खोली पश्चिमेची. काम झालं तेव्हा लाकूड सायीसारखं पांढरट होतं. त्या रंगाला भुलूनच सागवान सोडून पाइन घेतलं. या दिवाळीत साफसफाई करताना टेबलावरचं मॅट उचललं, तर खाली पांढरा चौकोन आणि भोवतालचं टेबल मधासारखं पिवळं! शेल्फवर पृथ्वीगोल असतो, त्याच्या बैठकीखाली तसंच पांढरं वर्तुळ. सुतार म्हणतो, "पाइन असंच असतं, मॅडम." माझा संशय पॉलिशवर आहे. त्याचे शेवटचे ६,००० रुपये मी अडवून ठेवलेत. चूक कोणाची, आणि पहिला रंग परत येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी त्याचे ६,००० देऊन टाका. मग पुढचं वाचा.

तुमच्या सुताराने सांगितलं ते खरं आहे. त्याला कारण सांगता आलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. या बाबतीत मी थोडा पक्षपाती आहे, कारण मी सुताराच्याच घरातला. १९७४ साली वडिलांनी जुन्या नाशकातल्या एका वकिलांकडे देवदारी फळ्यांची मांडणी करून दिली होती. देवदारी म्हणजे खोक्यांच्या फळ्या. त्यांत खरा देवदार थोडा, बाकी चीड, म्हणजे आपल्या हिमालयातलं पाइनच. वर्षभराने वकिलांनी मांडणीच्या कडेला खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर काढलं आणि मागे लख्ख पांढरा पट्टा निघाला. "ओलं लाकूड घातलंस," म्हणून त्यांनी राहिलेले ४० रुपये बुडवले. वडिलांना उलट बोलता आलं नाही, कारण त्यांनाही ते कोडंच होतं. पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि ठाण्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत २८ वर्षं काढली. लाकडाच्या पट्ट्या उन्हासारख्या प्रखर दिव्याखाली भाजून काढायचं काम माझ्याकडे होतं. अर्ध्या पट्टीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची, अर्धी उघडी ठेवायची. पहिल्याच आठवड्यात एका पाइनच्या पट्टीवरची फॉइल सोडली आणि समोर वकिलांचं कॅलेंडर उभं राहिलं. वडील तेव्हा हयात होते. त्यांना ती पट्टी नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "मग त्या वकिलाला दाखव."

आता पॉलिशचा निकाल लावू. पुरावा तुमच्या पत्रातच आहे. पॉलिश मॅटच्या खालीही तेच आणि बाहेरही तेच, एकाच डब्यातलं. तरी झाकलेलं पांढरं राहिलं आणि उघडं पिवळं पडलं. तेलाचा थर दोषी असता तर गोष्ट उलटी झाली असती. अळशीचं तेल किंवा जुन्या पद्धतीचा ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात पुन्हा निवळतो. खात्री करायची तर पांढऱ्या ऑइलपेंटच्या जुन्या भिंतीवरची तसबीर काढून पाहा, किंवा तशाच रंगाच्या कपाटाचं दार उघडून आत डोकवा. झाकलेला भाग जास्त पिवळा दिसेल. काही पॉलिशं, विशेषतः एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, उजेडातही थोडी पिवळटतात, नाही असं नाही. पण एवढा मधाळ रंग त्या पातळ थराच्या एकट्याच्या आवाक्यातला नाही. रंग लाकडाचाच बदललाय.

का बदलला ते सांगतो. कोकणातली कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. उभ्या कारव्या, आणि त्यांना धरून ठेवणारं शेणमातीचं लिंपण. लाकडाचं अंग असंच बांधलेलं असतं. सेल्युलोजचे धागे म्हणजे कारव्या आणि लिग्निन म्हणजे लिंपण. (हेमिसेल्युलोज म्हणून तिसरा गडी असतो, कारव्या बांधणाऱ्या वेलींसारखा, आज त्याला बाजूला बसवू.) पाइनमध्ये लिग्निन वजनाच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त भरतं. सेल्युलोजला रंग नाही. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. उन्हातल्या अतिनील किरणांशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. लिग्निनचा रेणू मात्र बेंझिनच्या कड्यांनी भरलेला, आणि ही कडी अतिनील किरण झेलायला टपलेली. लाकूड जेवढा अतिनील प्रकाश शोषतं, त्यातला ८० ते ९५ टक्के एकटं लिग्निन गिळतं.

गिळलेली ऊर्जा पचत नाही. ती रेणूतले बंध तोडते. तुटक्या टोकांवर जोडीदार नसलेला एकेक इलेक्ट्रॉन उरतो, आणि असं टोक समोर येईल त्याला धरतं. समोर हवा असते, म्हणून ते ऑक्सिजनला धरतं. तिथून चार पायऱ्या पुढे गेलं की क्विनोन नावाचे रेणू तयार होतात. क्विनोन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात, आणि प्रकाशातून निळं वजा झालं की डोळ्यांपर्यंत पोचतो तो पिवळा.

क्विनोन हे नाव नवं वाटेल, पण तुमच्या स्वयंपाकघरात त्यांचं रोज येणंजाणं आहे. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच घराण्यातल्या रेणूंमुळे. तिथे हे काम वांग्यातलं एन्झाइम करतं, इथे ऊन करतं. आणि आपण फोडी पाण्यात टाकतो त्या कशाला, तर हवा तोडायला. आम्हीही तेच करून पाहायचो. पाइनची पट्टी नायट्रोजन भरलेल्या बंद नळीत ठेवून तोच दिवा तेवढाच वेळ लावला, तर पिवळेपणा पुष्कळ कमी चढायचा. म्हणजे नुसतं ऊन पुरत नाही, वाराही लागतो.

"पण आमच्या खिडकीला काच आहे," असं तुम्ही म्हणाल. किरणांची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात; आकडा जेवढा लहान तेवढा किरण तिखट. साधी काच साधारण ३१० ते ३२० नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवते. जमिनीवर पोचणारं ऊन सुरू होतं २९५ च्या आसपास. म्हणजे सगळ्यांत तिखट टोक तेवढं काचेने छाटलं; ३२० ते ४०० मधलं बरंचसं आत येतंच, आणि दिसणाऱ्या प्रकाशातला जांभळा-निळा भागही थोडाफार हात मारतो. त्यात तुमची खोली पश्चिमेची, दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन थेट टेबलावर. मी मागच्या मे महिन्यात मुद्दाम एक पाइनची फळी १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, मधोमध फॉइलची पट्टी चिकटवून गच्चीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉइल उचलली, तर कडेची रेघ चष्म्याशिवाय दिसत होती. तुमच्या टेबलाला दीड वर्ष मिळालं.

आता पहिल्या रंगाचं. हा सगळा उद्योग लाकडाच्या किती आतपर्यंत चालतो? अतिनील किरण पाइनमध्ये फार तर ७५ मायक्रॉन शिरतात, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीइतके. दिसणारा प्रकाश २०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. त्याखाली तुमचं पाइन आजही दीड वर्षापूर्वीचंच आहे. पॉलिश उतरवून रंध्याचा एक हात फिरवला, किंवा १२० आणि मग २२० चा पेपर मारला, की सायीचा रंग परत. कंटेनरबरोबर आलेल्या काळ्याकरड्या पॅलेटच्या फळ्या सुतार विकत घेतात ते याच भरवशावर: एक रंधा मारला की आतून नवं लाकूड. पण ताई, लाकूड नवं म्हणजे लिग्निनही नवं. पहिले काही महिने रंग झपाट्याने चढतो, मग दमतो. तुमचं पाइन त्या दमायच्या टप्प्यावर आलंय. घासून काढलंत तर घड्याळ पुन्हा शून्यावर येईल. ब्लीचही असतं, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिक सोड्याचं. त्याने क्विनोन फिके पडतात, पण लिग्निन जागच्या जागी राहतं आणि पिवळेपणा परत फिरतो. घरात लहान मूल असताना कॉस्टिकच्या नादी मी तरी लागणार नाही.

मी काय करीन ते सांगतो. मॅट आणि पृथ्वीगोल तीन-चार महिने उचलून ठेवीन. पांढरा चौकोन उघडा पडला की तो धावत येतो आणि आधीचं टेबल रेंगाळत असतं, त्यामुळे दोघं बरेचसे एका रंगावर येतात. काठाची रेघ शोधणाऱ्याला दिसेल, इतरांना नाही. चेहरा उन्हाने रापतो तसं पाइन रापतं. फक्त चेहरा सावलीत निवळतो, पाइन निवळत नाही. तेव्हा सगळीकडे सारखं रापू द्यायचं, नवं टेबल केलं की पहिल्या वर्षी त्यावरच्या वस्तू हलवत राहायच्या.

आणि पांढरंच हवं असेल तर सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. पाण्यात मिसळणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, अतिनील शोषक घातलेलं, रंग चढायचा वेग कमी करतं. थांबवत नाही, कारण त्याला आरपार दिसायचंही असतं आणि निळा प्रकाश अडवायचाही असतो, ही दोन्ही कामं एका थराला जमत नाहीत. डेन्मार्कमध्ये पाइनच्या जमिनींना पांढरा रंगकण घातलेली लाय, म्हणजे सोड्याचं पाणी, लावतात आणि वरचेवर साबणाने धुतात. त्यांची ती फिकट जमीन त्या पांढऱ्या कणांच्या जोरावर असते. कुठल्याही डब्यावर 'कधीच पिवळं पडत नाही' असं लिहिलं असेल, तर ते डब्यातल्या पॉलिशबद्दल आहे, खालच्या लाकडाबद्दल नाही.

जाता जाता एक. माझ्या आत्याकडे राजापूरला फणसाच्या लाकडाचं दार होतं. फणस कापला की हळदीसारखा पिवळा असतो आणि वर्षं जातात तसा तांबूस-तपकिरी होत जातो. त्यातले रंगाचे रेणू वेगळे, पण उजेड-वाऱ्याचा खेळ त्यांच्याही वाट्याला येतोच. साग ताजा कापलेला पाहिलात तर हिरवट-काळसर पट्टे असतात, ते उजेडात विरून सोनेरी होतात. आत्याच्या दाराबद्दल सुताराशी भांडायला कोणी गेल्याचं मला आठवत नाही. पाइन आपल्याकडे नवं, न्यूझीलंडहून जहाजाने येऊन गांधीधामला चिरलेलं, त्याचा स्वभाव घरात कोणाला माहीत नाही, म्हणून बोल सुताराला.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत तळाला घातलेलं वर्तमानपत्र तपकिरी होऊन तुकडे पडतात, पण त्याच काळातली त्यांची पोथी पांढरी आहे. असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वर्तमानपत्र म्हणजे दळलेलं लाकूड. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश केलर यांनी लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करायची युक्ती काढली आणि कागद स्वस्त झाला. त्या लगद्यात लिग्निन सगळंच्या सगळं राहतं. चांगल्या पुस्तकाच्या कागदासाठी लाकूड रसायनात शिजवून लिग्निन काढून टाकतात, आणि जुन्या हातकागदात तर चिंध्या असायच्या, म्हणजे कापूस. वरच्या उत्तरातलं टेबल आणि तुमचं वर्तमानपत्र ही एकाच आजाराची दोन माणसं. ट्रंकेत ऊन नव्हतं हे खरं. पण उष्णता, हवा आणि कागदातलं आम्ल मिळून तेच काम सावकाश करतात, आणि तुकडे पाडण्याचं काम आम्लाचं. हवा लागते म्हणूनच तपकिरी रंग आधी कडांना चढतो, जिथून ती आत शिरते. जुन्या पुस्तकांना येणारा गोडसर वास घेतला असेल तुम्ही. त्यात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा रेणू, असतं, तेही लिग्निन मोडल्यावर सुटतं. पोथीवर मात्र ते वर्तमानपत्र गुंडाळू नका. आम्ल शेजारच्या कागदात उतरतं.

प्रश्न : लोणावळ्याच्या आमच्या बंगल्यात व्हरांड्याचा कठडा आणि बाहेरचा झोपाळा पाइनचा आहे, वर पारदर्शक व्हार्निश. दोन पावसाळ्यांत व्हार्निशचे पापुद्रे सुटले आणि लाकूड राखाडी झालं, वर काळे ठिपके. पाइन तर उन्हाने पिवळं पडतं म्हणतात. की कुजलं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : पिवळं पडलंच होतं, तुम्ही तिथे नव्हता. कुडाची भिंत पुन्हा आठवा. उन्हाने लिंपणाचे तुकडे केले. हे लहान तुकडे पाण्यात विरघळतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याने ते धुऊन नेले आणि मागे उरल्या उघड्या कारव्या, म्हणजे पांढरट सेल्युलोज. घरातल्या टेबलाला पाऊस लागत नाही म्हणून ते पिवळ्यावर थांबतं. तुमच्या कठड्यावर पुढे बुरशी आली. ऑरिओबेसिडियम नावाची एक काळी बुरशी अशा धुपलेल्या लाकडावर मजेत राहते; सेल्युलोजचं रुपेरी आणि तिचं काळं मिळून राखाडी. कठड्यावर नख फिरवून पाहा. वार्षिक वलयांतला मऊ भाग खोल गेलेला आणि कठीण भाग वर उचललेला लागेल, धोब्याच्या फळीसारखा.

याला कुजणं म्हणत नाहीत. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने, ही अमेरिकेची सरकारी संस्था १९१० पासून लाकडावर काम करते, पाइनसारखं मऊ लाकूड उघड्यावर साधारण १०० वर्षांत ६ मिलिमीटर झिजतं असा अंदाज दिलाय. आपल्या घाटात थोडं जास्त धरा, तरी तुमचा कठडा तुमच्या नातवाला पुरेल. कुजायची भीती वेगळ्या जागी आहे: खांब जिथे फरशीत शिरतो तिथे, झोपाळ्याच्या सांध्यांत, जिथे पाणी साचून राहतं तिथे. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर सुताराला बोलवा.

व्हार्निशचे पापुद्रे मात्र तुमच्या निवडीमुळे सुटले. पारदर्शक थरातून किरण आरपार जातात आणि थर ज्या लिग्निनला धरून बसलाय तेच खाली भुसभुशीत करतात. वरचा थर शाबूत, पायाखालची जमीन गेली. बाहेरच्या लाकडाला किरण अडवणारा रंगकण लागतो, आणि त्यात गेरूसारखा स्वस्त आणि पक्का दुसरा नाही. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. स्वीडनमधली लाकडी घरं सरसकट तांबडी दिसतात ती फालुनच्या तांब्याच्या खाणीतून निघालेल्या अशाच मातीच्या रंगाने. तेव्हा पावसाळ्यानंतर लाकूड महिनाभर सुकू द्या, राखाडी थर घासून काढा आणि तपकिरी किंवा तांबूस रंगकण असलेलं, लाकडात मुरणारं स्टेन लावा. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक हात. ते झिजतं, पापुद्रे काढत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी खरवडायची मेहनत वाचते. खिळ्यांभोवती काळे ओघळ असतील तर ते लोखंडाचे, बुरशीचे नाहीत. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातात. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा, आणि पुढचे खिळे-स्क्रू स्टेनलेसचे घ्या.

प्रश्न : नव्या पाइनच्या फळीत निळसर-करड्या रेघा आहेत. दुकानदार म्हणतो उन्हात ठेवा, जातील.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जाणार नाहीत. ही निळी बुरशी, झाड तोडल्यावर फळी वेळेत सुकवली नाही की कडेच्या पांढऱ्या लाकडात शिरते आणि तिथली साखर खाते. रेघा आरपार असतात, त्यामुळे रंध्यानेही सुटका नाही. ताकदीला विशेष धक्का लागत नाही. मांडणीला, खणाच्या तळाला खुशाल वापरा. दर्शनी भागाला नको असेल तर फळी बदलून घ्या. उन्हात ठेवलीत तर बाकीची फळी पिवळी होईल आणि रेघा तिथेच राहतील.